मुठीतला एडिटर

आमच्या धंद्यातल्या माणसांचं राजकारणावर, जेवणखाणावर एकवेळ जमेल, पण एका गोष्टीवरून ती हातघाईवर येतात. ती म्हणजे टेक्स्ट एडिटर. संगणकात मजकूर लिहायचा, खोडायचा, साठवायचा तो एवढासा प्रोग्राम. कुणाला तो साधा हवा असतो, कुणाला शंभर करामती करणारा, तर कुणाला असा की ज्यातून बाहेर कसं पडायचं हेच नव्या माणसाला कळू नये. अशी भांडणं मी नोकरीभर ऐकली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मीच उकरून काढली. पण त्यातलं एक माझ्या पोटच्या पोरीशी होईल, आणि त्याचा निकाल भर सभेत लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

मी वैजयंती घरत. 'मूठ' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणाऱ्या गटाची मी प्रमुख. हे नाव ऐकून आमच्या खारशेत गावातल्या म्हाताऱ्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. मूठ मारण्याशी तिचा काही संबंध नाही, मुठीत मावेल इतकी ती लहान आहे, एवढंच, हे पटवण्यात माझा एक अख्खा गणेशोत्सव गेला.

ती लहान का, ते सांगते. आमचं गाव खाडीकाठचं. समुद्राला अडवून बांध घातलेला आणि बांधाच्या आत भातशेती. बांधात जी दारं असतात त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला उघाडी उघडायची, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आत ती लावायची, नाहीतर खारं पाणी आत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. पूर्वी लाकडी झडपा पाण्याच्या दाबानं आपोआप लागायच्या. समुद्र वर चढत गेला तशा त्या निकामी झाल्या. आता प्रत्येक उघाडीला मोटर आहे आणि मोटरवर एक पेटी आहे. पाणी किती चढलं हे मोजणारी यंत्रं आम्ही लावून पाहिली, पण गाळानं आणि कालवांनी त्यांचं एका पावसाळ्यात मातेरं केलं. म्हणून पेटी वेळापत्रकावर चालते. रोजची एक ओळ असते, त्यात उघाडी कधी लावायची आणि कधी उघडायची ते लिहिलेलं असतं. ओळीच्या सुरुवातीला तारीख नसते, तिथी असते. भरतीची वेळ चंद्रावर चालते, आणि तिथीची पाऊणपट करून भरती काढायला इथल्या शाळकरी पोरांनाही येतं. तिथी लिहिली की चूक कुणाच्याही नजरेला येते.

त्या पेटीत मूठ चालते. खाऱ्या हवेत, नेटवर्क नसताना, वर्षानुवर्षं. म्हणून आमचा नियम होता, की कुणातरी माणसानं ओळ न् ओळ वाचलेली नाही असं काहीही मुठीत घालायचं नाही. जितकं कमी, तितकं बरं. पण एडिटर हवाच, कारण वेळापत्रक लिहिणार कशात? आणि जो एडिटर आधीपासून बसवून द्याल तोच लोक जन्मभर वापरतात. दुसरा घालता येतो हे त्यांच्या गावीही नसतं. कोकणपट्टीतल्या सगळ्या उघाड्यांवर नव्या पेट्या बसायच्या होत्या, आषाढातल्या मोठ्या उधाणाच्या आत. त्यांत कुठला एडिटर घालायचा हे आम्हा तिघांना ठरवायचं होतं. खारभूमी खात्याचे अभियंते देवधर, अलिबागला कॉलेजात शिकवणाऱ्या नसरीन मुकादम, आणि अध्यक्ष म्हणून मी.

दोन एडिटर उरले होते. एक 'टाक'. जुना, ठेंगणा, दाबाल ते अक्षर उमटवणारा, बाकी शहाणपणा शून्य. दुसरा 'जाणता'. तो माझ्या लेकीनं, ओवीनं केलेला होता.

मी पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मी बाजूला होते. पोरीचं काम आहे, माझं मत नको."

देवधर हसले. "मॅडम, तुम्ही बाजूला झालात तर टाकच्या ओळी वाचणार कोण? आणि तुम्ही पोरीला सूट देणाऱ्यांतल्या नाही, हे अख्ख्या खात्याला माहीत आहे."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

जाणता काय करतो ते समजायला सोपं आहे. लाखो फाइली वाचून तो एक गोष्ट शिकलेला असतो. एका ओळीनंतर पुढे काय येण्याचा संभव जास्त. तुम्ही लिहायला लागलात की तो मनात आपला अंदाज बांधतो. तुमचं अक्षर त्या अंदाजाच्या जवळ असलं तर गप्प बसतो. फारच लांब गेलं, म्हणजे त्याला फारच आश्चर्य वाटलं, तर तो धरून चालतो की तुमचा हात चुकला, आणि जे तुम्हाला लिहायचं असणार ते लिहितो. असली यंत्रं सगळ्या जगात आहेत, त्यांना खोल्यांच्या खोल्या लागतात. ओवीनं ते सगळं घडी घालून घालून नखाएवढ्या चिपमध्ये बसवलं. सहा वर्षं ती त्यावर बसली होती. लग्नाकार्यातही तिच्या मांडीवर पेटीची पाटी असायची, पडदा आणि कळा असलेली, जिच्यावर वेळापत्रक लिहितात ती. तिनं ते पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा मला काय वाटलं, ते लिहायची माझी ताकद नाही. मी जन्मभर प्रोग्राम वाचत आले, पण असली कारागिरी मला जमली नसती.

खारशेताच्या समाजमंदिरात चाचणी झाली. आमच्या उघाडीचं काम हरेश्वर ठाकूर पाहतात, मी त्यांना दादा म्हणते, ओवी काका. होडी वल्हवून वल्हवून त्यांची बोटं अशी जाड झालीत की एक कळ दाबली की शेजारचीही दबते. टाकमध्ये त्यांनी ओळ लिहिली की पेटी ती नाकारायची. कुठे टिंब जास्त, कुठे आकडा दोनदा. दादांच्या नाकी नऊ यायचे. जाणता दिला तर पहिल्या झटक्यात वेळापत्रक तयार.

"बाय, हाच लाव," दादा मला म्हणाले. "त्या टाकानं माझा डोकाच दुखतो."

देवधरांचं मत जाणत्याला. नसरीनचं टाकला. "जाणत्याच्या पोटात नुसते आकडे आहेत," ती म्हणाली, "ते कुठल्या माणसानं वाचलेत? मग नियम कशाला केलात?" म्हणजे निकाल माझ्या मतावर आला. मी म्हटलं, एक पंधरवडा खऱ्या उघाडीवर चालू द्या, मग सांगते. मनातून मी जाणत्याकडे झुकले होते. झुकले कसली, आडवीच झाले होते.

त्या पंधरवड्यात दादांना भेटले की ते मला हटकून थांबवायचे. "बाय, आता माझा हात बसला बघ. येक चूक होत नाय." पोरांना, सुनांना, चावडीवरच्या मंडळींना, सगळ्यांना ते हेच सांगत. त्यांचा पाय जमिनीवर नव्हता. मलाही बरं वाटायचं, म्हटलं पोरीच्या यंत्रानं म्हाताऱ्याला उमेद दिली.

आमच्याकडे एक रीत आहे. नवं वेळापत्रक पेटीत चढवायच्या आधी बांधावर उभं राहून ते मोठ्यानं वाचतात. एक जण ओळ वाचतो, दुसरा भिंतीवरच्या पंचांगाचं पान हातात धरून 'हां' म्हणतो. पेट्या यायच्या आधीपासूनची ही रीत, तेव्हा बांधाच्या राखणीला कुणी कधी जायचं त्या पाळ्या वाचायचे. पुढच्या पंधरवड्याचं वाचन त्या दिवशी माझ्याकडे होतं आणि पंचांग दादांच्या हातात.

"द्वादशी," मी वाचलं.

"हां."

"त्रयोदशी."

"हां."

"चतुर्दशी."

दादांनी 'हां' म्हणायच्या ऐवजी पंचांगाच्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्रयोदशी दोन हायेत."

त्या पंधरवड्यात त्रयोदशीची वृद्धी होती. चंद्र संथ चालत असला की एखादी तिथी दोन सूर्योदयांना धरून बसते, मग लागोपाठ दोन दिवस तीच तिथी. दादांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, वेगवेगळ्या वेळांच्या. पाटीवर मात्र एकच होती. काय झालं असणार ते मला तिथल्या तिथे कळलं. माणूस स्वतःची चूक दुरुस्त करताना पुष्कळदा खाली नवी ओळ लिहितो आणि वरची खोडायला विसरतो. जाणत्यानं हे हजारो फाइलींत पाहिलेलं. एका तिथीच्या दोन ओळी दिसल्याबरोबर त्यानं वरची गुपचूप काढून टाकली.

पेटी रोज एक ओळ खाली सरकते. एक ओळ कमी, म्हणजे तिथून पुढे रोज उद्याची वेळ आज. भरती दर दिवशी पाऊण तास पुढे जाते, म्हणून उघाडी पाऊण तास उशिरा लागली असती. आणि ती कधी, तर पौर्णिमेच्या ऐन उधाणात. निम्मं खारशेत खारट झालं असतं.

मी ओवीला बोलावून घेतलं. ती पुण्याहून दुपारच्या आत आली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भाकरी मोडत तिनं सगळं ऐकलं.

"एक ओळ, आई. वृद्धी तिथी त्याला शिकवायची राहिली. दोन दिवसांत शिकवते. क्षय तिथीही शिकवते, अधिक महिनाही."

"आणि तुला नि मला माहीत नाही ते?"

"टाकमध्ये काकांच्या किती चुका झाल्या, मोजल्यास का तू? जाणत्याची एक झाली."

तिचं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. "टाकमधली चूक चुकीसारखी दिसते गं! पेटी ती घेतच नाही. तुझी चूक इतकी नीटनेटकी, की वाचूनसुद्धा ती बरोबरच वाटते. त्या पाटीवरच्या ओळींपैकी दादांनी कुठल्या लिहिल्या आणि तुझ्या यंत्रानं कुठल्या, सांग बघू."

तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "त्यानं काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"तू अध्यक्ष म्हणून बोलतेस की आई म्हणून?"

"अध्यक्ष म्हणून. आई म्हणून मी केव्हाच हो म्हटलं असतं."

तिनं भाकरी ताटात ठेवली, हात धुतले आणि निघून गेली. बैठकीपर्यंत तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आमच्या घराण्याची खोड आहे ती, दोघींतही पुरेपूर उतरली आहे. रात्रंदिवस एकच विचार माझ्या डोक्यात. मी नाही म्हटलं तर तिची सहा वर्षं पाण्यात, आणि हो म्हटलं तर गावाची जमीन. पोरीला गमावायचं की स्वतःची जीभ गिळायची? मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. फक्त ते बोलताना आवाज चिरकेल, ही धास्ती होती.

बैठक समाजमंदिरातच भरली. अर्धं गाव आलं होतं. ओवी माझ्याकडे न पाहता पुढे गेली. तिनं जाणता दुरुस्त केला होता आणि तो बिनचूक चालला. दोन त्रयोदश्या लिहा, दोन्ही राहतात. मधली तिथी गाळा, गाळलेलीच राहते. देवधरांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

"आणखी एक," ओवी म्हणाली. "आईनं मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर देते. जाणता आतल्या आत काय बदलतो ते पाहायची खिडकी मी चाचणीसाठी ठेवली आहे. गेल्या पंधरवड्यात त्यानं काकांच्या किती चुका वाचवल्या ते सगळ्यांनी बघावं."

तिनं ते भिंतीवर मोठं करून दाखवलं. डावीकडे दादांनी दाबलेलं, उजवीकडे जाणत्यानं लिहिलेलं. जवळपास एकही ओळ सुटली नव्हती. आकडे उलटे, टिंबं जादा, कुठे दोन ओळी एकात मिसळलेल्या. ओवी उत्साहानं एकेक दाखवत होती. जाणता किती उपयोगी, हे तिला सिद्ध करायचं होतं आणि ते होत होतं. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

दादा पहिल्या रांगेत होते. ते हसले नाहीत. भिंतीवरची ओळ न् ओळ वाचून ते हलकेच म्हणाले, "हां... मना वाटला माझा हात बसला."

त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवरून उचलून खाली, खुर्चीच्या कडेला नेले.

ओवीचं बोट भिंतीवर तसंच राहिलं. तिनं दादांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, परत दादांकडे. मी तिला जन्मापासून ओळखते. तिच्या डोक्यात काहीतरी हलतंय हे मला कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. अध्यक्ष म्हणून मला पुढचा विषय पुकारायला हवा होता. मी पुकारला नाही.

"काका," ती म्हणाली, "मला माफ करा. हे तुम्हाला रोज दिसायला हवं होतं. मी ते लपवलं, कारण न विचारता काम करणारं यंत्र चांगलं, असं मला वाटायचं."

"तुजा काय चुकला गं," दादा म्हणाले. "काम तर बेस करतं ता."

"करतं. पण तुम्ही शिकत होतात असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही शिकत नव्हतात. उद्या पेटी बिघडली, यंत्र बदललं, तर नवी पेटी तुमची एक ओळ घेणार नाही. आणि तुम्हाला कळणारही नाही की असं का." मग ती आमच्या टेबलाकडे वळली. "जाणता मी मागे घेते. मुठीत टाक घाला."

सभागृहात एकदम कालवा झाला. देवधर उठून उभे राहिले. "अहो, तो पास झालाय! मतदान तर होऊ द्या!"

मी टेबलावर हात आपटला. "अर्जदारानं कारण सांगावं," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला तो तेव्हाच, आणि सगळ्यांनी तो ऐकला. चिरकू दे म्हटलं.

"कारण असं," ओवी म्हणाली, "तो चालतो उत्तम. मोठ्या शहरात, जिथे मागे दहा माणसं बघायला आहेत, तिथे मी तो ताठ मानेनं विकीन. पण बांधावर माणूस एकटा असतो. तिथे जे लिहिलंय ते त्याचं स्वतःचं असायला हवं."

नसरीननं मला टेबलाखालून कोपरानं ढोसलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचे नव्हते. त्या दिवशी मला कळलं की पोरीनं यंत्र बनवलं तेव्हा वाटला तो अभिमान म्हणजे काहीच नव्हता.

दादा मात्र खूश नव्हते. "म्हंजे आता परत त्यो टाक! परत डोका दुखवायचा!" म्हणत ते बाहेर गेले. त्यांना मनवायला ओवीच त्यांच्या मागे गेली. ती परतली ती एक कल्पना घेऊन. टाकला अक्कल द्यायची नाही, फक्त तोंड द्यायचं. ओळ लिहून झाली की टाकनं ती जशी असेल तशी मोठ्यानं वाचायची, आणि माणसानं 'हां' म्हणून कळ दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. पेटीला भोंगा होताच, उघाडी हलवताना तो त्या दिवसाची ओळ पुन्हा वाचणार होता. त्यासाठी लागणारे शब्द ते किती, पंधरा-सोळा तिथ्या आणि आकडे. ते तिनं स्वतःच्या आवाजात भरले.

तिच्या त्या जोडकामाची ओळ न् ओळ मी वाचली. नियम म्हणजे नियम. दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा ती चिडली, दुसऱ्यांदा म्हणाली, "बरोबर आहे, हे माझ्या नजरेतून सुटलं." तिसऱ्यांदा मी मंजूर केलं. आमचं बोलणं त्या निमित्तानं सुरू झालं आणि मग थांबलं नाही. एडिटरवरूनच भांडत होतो, पण रोज.

आषाढी पौर्णिमेच्या उधाणाला सगळं गाव बांधावर आलं. वेळापत्रक दादांनी लिहिलेलं होतं. पेटीनं त्यांच्या ओळी कितीदा नाकारल्या ते ते कुणाला सांगत नाहीत, पण शेवटच्या चार त्यांनी एका दमात लिहिल्या, हे मात्र ते सगळ्यांना सांगतात. पाणी चढायला लागलं. खाडी फुगली, बांधाच्या दगडांवर चढली. भोंग्यातून ओवीचा आवाज आला, "पौर्णिमा," आणि पुढे वेळ. मोटर घरघरली, उघाडी खाली सरकली आणि गच्च बसली. पाणी तिच्यावर आपटून मागे फिरलं. आतली भातं तशीच हिरवी उभी राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. दादांनी नुसती टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली.

माझ्या शेजारी पलीकडच्या गावची एक बाई उभी होती, लेकराला कडेवर घेऊन. तिनं उघाडीजवळ उभ्या असलेल्या ओवीकडे बोट केलं.

"तीच का ओ ती पोर, जिचा एडिटर सभेत पडला?"

मी गावातली भाषा शहरात कधीच विसरून आले होते, निदान मला तसं वाटत होतं. पण त्या क्षणी तीच तोंडात आली.

"पडला नाय, बाय," मी म्हटलं. "पास झाला हुता. तिनं सोताच्या हातानं खाली ठेवला. आन ती माझी पोर हाय."

मी इतक्या मोठ्यानं बोलले, की ओवीनंच नाही तर अख्ख्या बांधानं वळून पाहिलं.